काळी दोनवरचं फंक: स्टीव्ही वंडरचं ‘टॉकिंग बुक’ समजून घेताना

गुरुवारच्या भजनाला मी पेटीची साथ करतो. गेल्या महिन्यात बारावीतला भाचा राहायला आला होता. मी पेटी पुसत बसलेलो असताना त्यानं फोन माझ्या कानाशी धरला. “मामा, ह्याची पट्टी सांग ना.” आधी नुसते ड्रम्स. मग तारेवर नखानं टिचकी मारावी तसा करकरीत, उड्या मारत जाणारा एक तुकडा. भाता हलवत सूर चाचपला. काळी दोन. तुकडा बसवायला गेलो तर बोटं पांढऱ्या पट्ट्यांकडे वळायलाच तयार नाहीत. सगळं कामकाज काळ्यांवरच.

गाणं होतं ‘सुपरस्टिशन’, स्टीव्ही वंडरच्या १९७२ मधल्या ‘टॉकिंग बुक’ या अल्बममधलं. भाच्याचा खरा प्रश्न त्यानंतर आला. “कुणी याला फंक म्हणतं, कुणी सोल, आणि एका यादीत रॉकमध्ये टाकलंय. नक्की आहे काय? आणि हा लहानपणीच स्टार होता म्हणे?”

त्याचं उत्तर तासभर चाललं. तेच इथे जरा नीट मांडतोय. दर वर्षी टीव्हीवर नवे बालगायक येतात, आपण कौतुक करतो आणि दोन वर्षांनी विचारतो, त्या पोराचं पुढे काय झालं हो? या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उत्तर याच अल्बममध्ये आहे.

## बारा वर्षांचा ‘जीनियस’

स्टीव्हीचा जन्म १३ मे १९५० रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, सॅगिनॉ गावी झाला. दिवस पूर्ण भरायच्या आधीच जन्मलेलं बाळ. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, तिथे ऑक्सिजन प्रमाणाबाहेर मिळाला आणि डोळ्यांचे पडदे कायमचे निकामी झाले. घरचे लवकरच डेट्रॉइटला आले. पोरगं पियानो, ड्रम्स, माऊथ ऑर्गन जे हाताला लागेल ते वाजवू लागलं. १९६१ मध्ये, अकराव्या वर्षी, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीनं त्याला करारात घेतलं आणि नाव ठेवलं ‘लिटल स्टीव्ही वंडर’.

दोन वर्षांत ‘फिंगरटिप्स’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ऑगस्ट १९६३, वय १३. ज्या अल्बममध्ये ते होतं, त्याच्या नावातच ‘१२ वर्षांचा जीनियस’ असं लिहिलेलं. रेकॉर्डिंग शिकागोच्या रीगल थिएटरमधल्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचं आहे. गाणं संपलं असं समजून पुढच्या गायिकेचे वादक मंचावर येऊ लागतात आणि हा मुलगा परत फिरून पुन्हा सुरू करतो. नुकताच आलेला बास, म्हणजे खर्जाचं वाद्य, वाजवणारा गोंधळून ओरडतो, “कुठल्या पट्टीत? कुठल्या पट्टीत?” हे ओरडणं रेकॉर्डवर तसंच आहे. भाच्यानं पट्टी विचारली तेव्हा मला तेच आठवलं. स्टीव्हीच्या मागे धावत माणसं साठ वर्षं पट्टी विचारतायत.

## पोरवयात गाणं कुणाचं असतं?

या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

मोटाउन ही डेट्रॉइटची कंपनी, १९५९ मध्ये बेरी गॉर्डी यांनी घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन सुरू केलेली. गॉर्डी आधी मोटारीच्या कारखान्यात कामाला होते आणि गाण्याचं कामही त्यांनी तसंच लावलं. शब्द-चाल एक जण करणार, वाजवणारे ठरलेले, गायक वेगळा, आणि बाहेर काय सोडायचं हे बैठकीत ठरणार. त्यातून अप्रतिम गाणी निघाली, हे आधी मान्य करायला हवं. पण मुलानं काय गायचं ते मुलगा ठरवत नव्हता. रे चार्ल्स हा अंध गायक लोकप्रिय होता, तर १९६२ मध्ये स्टीव्हीकडून त्याच्याच गाण्यांचा एक अल्बम करून घेतला. १९६४ मध्ये समुद्रकिनाऱ्याच्या गाण्यांची लाट होती, तर एक अल्बम किनाऱ्यावरचा.

आपल्या भाषेत ही अर्धेलीची शेती. घाम कसणाऱ्याचा, पण जमीन दुसऱ्याची, बियाणं दुसऱ्याचं, कुठलं पीक घ्यायचं तेही दुसराच सांगणार. बालकलाकाराच्या बाबतीत तर हिशेबही मोठ्यांच्या हाती. स्टीव्हीची कमाई तो २१ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या नावे राखून ठेवलेली होती.

मधे आवाज फुटला. ‘लिटल’ नावातून गळलं. कंपनीत याला ठेवायचं की नाही अशी चर्चा सुरू झाली. सिल्व्हिया मॉय या गीतकार बाईंनी बाजू धरली आणि ‘अपटाइट’ या गाण्यावर त्याच्याबरोबर कामही केलं. १९६५ च्या अखेरीस आलेल्या या गाण्यानं त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं. आपल्याकडे कुमार गंधर्वांच्या बाबतीत असंच काहीसं दिसतं. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा, मग क्षयाचं आजारपण, देवासमधली अंथरुणावरची वर्षं, आणि त्यानंतर आलेलं पूर्णपणे स्वतःचं गाणं. दोघांचं संगीत वेगळं, देश वेगळे. पण ‘लोकांना चकित करणारं पोर’ आणि ‘स्वतःचं काही सांगणारा माणूस’ यांच्यामध्ये एक दरी असते, आणि ती ओलांडायला वेळ द्यावा लागतो, हे दोघांकडे पाहून कळतं.

१३ मे १९७१ ला स्टीव्ही २१ वर्षांचा झाला आणि जुना करार संपला. त्यानं लगेच नवा केला नाही. न्यूयॉर्कला गेला, स्वतःच्या पैशानं स्टुडिओ घेऊन रेकॉर्डिंग करू लागला, आणि मग वकिलामार्फत मोटाउनशी नव्यानं बोलणी केली. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, वाढवून घेतली. काय रेकॉर्ड करायचं ते स्वतः ठरवायचं, हे लिहून घेतलं. शिवाय प्रकाशन हक्कांतही हिस्सा. प्रकाशन हक्क म्हणजे रेकॉर्डिंगवरचा नव्हे, मूळ शब्द-चालीवरचा मालकी हक्क. दुसऱ्या कुणी ते गाणं गायलं तरी त्याचे पैसे मिळतात. अर्धेलीवाला सातबाऱ्यावर आला.

## सोल: देवळातली आर्तता प्रेमगीतात

आता त्या तीन शब्दांकडे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये देवाला आळवताना गाणारे आवाज चिरतात, एकाच अक्षरावर हेलकावे घेतात, मध्येच हाक मारतात आणि जमलेले लोक त्या हाकेला ओ देतात. भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलतात, तसंच. हा सगळा भाव घेऊन कुणी देवाच्या जागी प्रेयसी ठेवली, की सोल. रे चार्ल्सनं १९५४ मध्ये चर्चच्या गाण्यावरून प्रेमगीत बेतलं तेव्हा देवभोळी मंडळी रागावली होती.

टाळीचीही एक गंमत आहे. घरीच करून बघा. एक-दोन-तीन-चार असं मोजत राहा. आपला हात आपोआप एकवर पडतो. त्या चर्चमध्ये टाळी दोनवर आणि चारवर पडते. तसं करून बघितलं की कंबर आपोआप हलते. सोलमध्ये आणि रॉकमध्येही ही दोन-चारची टाळी कायम ऐकू येते.

## फंक: समेचा राजा

फंक समजून घ्यायला मराठी श्रोत्याला उलट सोपं आहे, कारण आपल्याला सम माहीत आहे.

साठच्या दशकात जेम्स ब्राउन या गायकानं आपल्या वादकांना एकच तंबी दिली: पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र या. मध्ये काय करायचं ते करा, ‘एक’ चुकवू नका. आपल्या मैफलीत तबलजी मधे कितीही भराऱ्या घेवो, समेवर आला की सगळ्यांच्या माना हलतात. फंकमध्ये ही सम दर चार मात्रांनी येते, म्हणून मान थांबतच नाही.

दुसरं लक्षण म्हणजे मोकळ्या जागा. फंकमध्ये कुणी सलग वाजवत नाही. प्रत्येकाकडे एक छोटा तुकडा असतो आणि तो दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत बसतो. ढोल-ताशा पथकाच्या जवळ उभं राहून ऐका. नुसता ढोल ऐकला तर भारदस्त पण एकसुरी, नुसता ताशा ऐकला तर सैरभैर. दोन्ही एकमेकांत बसले की रस्ता हलतो.

## रॉक, आणि गिटार नसलेलं रॉक गाणं

रॉक म्हटलं की इलेक्ट्रिक गिटारचा तो फाटल्यासारखा आवाज आठवतो. रॉकमध्ये गाणं बहुतेकदा एका रिफवर उभं असतं. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरतुकडा. तबल्याच्या एकल वादनाला पेटीवर लेहरा धरतात ना, तसंच काहीसं. फरक इतका, की लेहरा मागे राहून साथ करतो आणि रिफ पुढे येऊन लक्ष वेधतो.

‘सुपरस्टिशन’ रॉक ऐकणाऱ्यांना इतकं आवडतं, पण त्यात गिटार नाहीच. तो करकरीत आवाज क्लॅव्हिनेट या वाद्याचा आहे. माऊथ ऑर्गनमुळे आपल्याला माहीत असलेल्या होनर या जर्मन कंपनीचं हे वाद्य. दिसायला पेटीसारख्याच पट्ट्या. पण आत तारा ताणलेल्या असतात. पट्टी दाबली की खालचं रबराचं टोक तारेवर आदळून तिला धातूवर दाबतं, आणि तारेची थरथर गिटारसारखीच विजेवर उचलली जाते. म्हणजे बोटं पेटीवाल्याची, आवाज गिटारच्या भावकीतला. हे वाद्य बनवणाऱ्यांच्या मनात घरात बसून वाजवायचं जुनं युरोपीय संगीत होतं. त्याचं असं होईल हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

आणि काळ्या पट्ट्यांचं ते कोडं. काळी दोनला षड्ज धरून नुसत्या काळ्या पट्ट्या दाबत गेलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे पाच स्वर मिळतात. आपल्याकडे धानीचे हेच स्वर. राग तोच असं मी म्हणत नाही. रागाला चलन असतं, वळण असतं. पण स्वर तेच आहेत, आणि गाण्याचा मुख्य तुकडा त्यांच्यावर बसतो. पेटी असेल तर आज संध्याकाळी करून बघा. हेडफोन लावून ऐकलं तर आणखी एक गोष्ट दिसेल: डाव्या कानात एक क्लॅव्हिनेट, उजव्या कानात दुसरं, दोघांची सवाल-जवाबासारखी गुंफण. वाजवणारा एकच माणूस.

## एकाच माणसानं इतकं कसं वाजवलं?

लग्नपत्रिका छापताना आधी पिवळा रंग, तो वाळला की लाल, मग सोनेरी, असे हात देतात. टेपवरही तसंच. रुंद टेपचे अनेक पट्टे असतात; एका पट्ट्यावर ड्रम्स वाजवून ठेवायचे, मग ते ऐकत ऐकत दुसऱ्यावर क्लॅव्हिनेट, मग बास, मग आवाज. ‘सुपरस्टिशन’मध्ये ड्रम्स, क्लॅव्हिनेटचे सगळे थर, बास आणि गाणं स्टीव्हीचं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तेवढे दुसऱ्यांचे.

मला या अल्बममधली कळीची गोष्ट हीच वाटते. सोल, फंक आणि रॉक असे तीन डबे घेऊन कुणी मिश्रण केलेलं नाही. ड्रम्स वाजवणाऱ्या पायाला ठाऊक आहे की पुढे क्लॅव्हिनेट वाजवणारी बोटं कुठे जागा मागणार आहेत, कारण पाय आणि बोटं एकाच शरीराची आहेत. त्या ड्रम्समधली झांज नीट ऐका. ती यंत्रासारखी एकसारखी येत नाही. कुठे किंचित उशिरा, कुठे एखादा ठोका जास्तीचा. डेट्रॉइटला लहानपणी मोटाउनच्या वादकांच्या पायाशी बसून शिकलेला हात आहे तो.

## मग सिंथेसायझरवाल्यांचं श्रेय कुठे गेलं?

हा आक्षेप रास्त आहे. या अल्बमवर सहनिर्माते, ध्वनिमुद्रक आणि सिंथेसायझरची जुळणी करणारे म्हणून माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गुलेफ यांची नावं आहेत. त्यांनी टोन्टो नावाचं एक अवाढव्य यंत्र उभारलं होतं, खोलीभर अर्धगोलात मांडलेली कपाटंच. त्यांची रेकॉर्ड ऐकून स्टीव्ही १९७१ मध्ये त्यांना शोधत गेला.

सिंथेसायझर म्हणजे विजेपासून सूर घडवणारं यंत्र. तो सूर कसा घडतो हे तोंडानंच करून बघता येतं. एकाच सुरात ‘ऊ’ म्हणा आणि हळूहळू तोंड उघडत ‘आ’ पर्यंत या. सूर बदलला नाही, पण आवाजाचा रंग पालटला. यंत्रात हेच काम एक गाळणी करते: किती उजळ आवाज बाहेर सोडायचा, किती अडवायचा. ‘सुपरस्टिशन’चा बास अशाच यंत्रावरचा आहे, तो गुरगुरतो, बोलल्यासारखा वाटतो. त्या काळी एकेक रंग जुळवायला शेकडो खुंट्या फिरवाव्या लागत आणि वायरी जोडाव्या लागत. स्टीव्ही वाजवत असताना हे दोघं खुंट्यांशी बसत. रंग त्यांनी कालवला, चित्र त्याचं, असं म्हटलं तर कुणावर अन्याय होणार नाही.

गिटारवादक जेफ बेकचंही ऋण आहे. त्यानं सांगितलेली हकीकत अशी, की तो स्टुडिओत ड्रम्सवर सहज एक ठेका धरून बसला होता, स्टीव्ही आत आला आणि म्हणाला, थांबू नकोस. त्यावरून ‘सुपरस्टिशन’ सुचलं. गाणं खरं तर बेकलाच द्यायचं ठरलं होतं, पण स्टीव्हीचं रेकॉर्ड आधी बाजारात आलं. बेकच्या त्रिकुटाचं त्यानंतर, १९७३ मध्ये. अल्बममधल्या ‘लुकिंग फॉर अनदर प्युअर लव्ह’ या गाण्यात बेकची गिटार ऐकू येते.

## शैली मिसळणं तेव्हा एवढं मोठं का होतं?

आज सगळेच मिसळतात, हे खरं. पण तेव्हाच्या अमेरिकेत शैलीचं नाव ही वर्णाची पाटीसुद्धा होती. गाण्यांचे क्रमांक छापणारं बिलबोर्ड साप्ताहिक १९४९ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डींची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावानं वेगळी छापत असे. पुढे नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ झालं, १९६९ मध्ये ‘सोल’. यादी वेगळीच राहिली. ज्या रॉकचा पाया चक बेरी आणि लिटल रिचर्डसारख्या कृष्णवर्णीयांनी घातला, ते सत्तरचं दशक येईपर्यंत गोऱ्या पोरांचं संगीत मानलं जाऊ लागलं होतं.

अशा वेळी १९७२ च्या उन्हाळ्यात स्टीव्ही रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्या आधी मंचावर गाऊ लागला. समोर हजारो गोरे रॉकवेडे. ऑक्टोबरमध्ये ‘टॉकिंग बुक’ आलं. जानेवारी १९७३ मध्ये ‘सुपरस्टिशन’ सर्वसाधारण यादीत पहिलं आलं आणि सोलच्या यादीतही. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात या गाण्याला रिदम अँड ब्लूज विभागात पुरस्कार मिळाले, आणि याच अल्बममधल्या ‘यू आर द सनशाइन ऑफ माय लाइफ’ला पॉप विभागात. एकाच अल्बमला दोन दारांतून आत घ्यावं लागलं.

## शब्द कळले नाहीत तर?

थोडे कळले तरी पुरे. ‘सुपरस्टिशन’ म्हणजे अंधश्रद्धा. फुटलेला आरसा, टेकवून ठेवलेली शिडी, तेराचा आकडा: आपलं आडवं गेलेलं मांजर जसं, तशी ही तिकडची. जे समजत नाही त्यावर विश्वास ठेवाल तर भोगाल, असं तो स्वच्छ सांगतो. ‘बिग ब्रदर’मध्ये गरीब वस्तीकडे फक्त मतांसाठी येणाऱ्या सत्तेला तो सुनावतो, तेही माऊथ ऑर्गनच्या हळुवार सुरात. बाकी बरीच गाणी प्रेमाची आणि प्रेमभंगाची. गायिका सिरीटा राइट हिच्याशी त्याचं लग्न त्याच सुमारास मोडलं होतं, आणि ‘ब्लेम इट ऑन द सन’ हे गाणं तिच्याबरोबरच लिहिलेलं आहे. हे कळल्यावर मला ते गाणं पूर्वीसारखं ऐकता आलेलं नाही.

अल्बमच्या नावात अंधांसाठी ध्वनिमुद्रित केलेली ‘बोलकी पुस्तकं’ आहेत. सावकाश फिरणाऱ्या, जास्त वेळ चालणाऱ्या रेकॉर्डी अमेरिकेत १९३४ पासून या पुस्तकांसाठी वापरात होत्या. संगीताची एलपी, म्हणजे अशीच जास्त वेळ चालणारी रेकॉर्ड, दुकानात आली १९४८ मध्ये. म्हणजे ज्या वस्तूवर हा अल्बम विकला गेला, ती आधी अंध वाचकांच्या घरी पोचली होती. सुरुवातीच्या प्रतींच्या वेष्टनावर ब्रेल लिपीत उठावाचा मजकूर आहे. डोळस ग्राहकाला नुसते ठिपके, अंध ग्राहकाला बोटांनी वाचता येणारा निरोप. फोटो मार्गुलेफनं काढलेला: मातकट टेकडीवर बसलेला स्टीव्ही, केसांच्या वेण्या घातलेल्या, आणि नेहमीचा काळा चष्मा उतरवलेला.

भाच्याला मी शेवटी अल्बम पहिल्यापासून लावून दिला. पहिलंच गाणं ‘सनशाइन’. दोन ओळी झाल्यावर तो म्हणाला, “मामा, हा स्टीव्हीचा आवाज नाही वाटत.” बरोबर ओळखलं. पहिल्या ओळी जिम गिलस्ट्रॅप गातो, त्यापुढच्या लानी ग्रोव्ह्ज. दोघंही त्याच्या मागे कोरसमध्ये गाणारे. ज्याचं नाव दहा वर्षांपूर्वी ‘जीनियस’ म्हणून वेष्टनावर छापलं होतं, तो स्वतःच्या अल्बमच्या पहिल्या गाण्यात तिसरा येतो.

भाच्यानं गाणं मागे नेलं आणि पुन्हा लावलं. मी पेटी उघडली.